पहिल्यांदाच मुलांचं निवासी उन्हाळी शिबिर घेतोय. ऐनवेळी पाऊस, लाइट, आजारपण असं काही उपटलं तर शिबिर बंद करावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. भोर तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या इमारतीत, मी नऊ वर्षं मे महिन्यात शिबिर घेतोय. ठरल्याप्रमाणे एकही पार पडलेलं नाही.

२०२५चं सांगतो. मुंबईत पावसाची नेहमीची तारीख ११ जून, म्हणून २० ते २५ मे हे दिवस आम्ही बिनघोर धरले होते. फार तर एखादा वळीव येईल, असा हिशोब. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला आणि त्याच्या आधीच अवकाळीने आम्हाला धुऊन काढलं. दुसऱ्या रात्री साडेनऊला वारा सुटला, पटांगणातल्या तंबूंच्या खुंट्या उपटल्या. ४२ मुलं सतरंज्या डोक्यावर घेऊन वर्गात पळाली. लाइट गेली ती दोन दिवस.

लाइट गेल्यावर खरी पंचाईत अंधाराची नसते. बॅटऱ्या होत्याच. पण बोअरची मोटर बंद म्हणजे टाकी रिकामी, आणि टाकी रिकामी म्हणजे सकाळी सात वाजता ४२ मुलं आणि चार कोरडे संडास! मग गावातल्या आडावर गेलो. शेजारच्या आजींनी पोहरा दिला आणि दाखवलंही, की पोहरा पाण्याला टेकला की दोराला एक हिसका द्यायचा, म्हणजे तो कलंडतो आणि भरतो. आमच्या पोरांना तो हिसका जमेना. रिकामा पोहरा वर यायचा, आजी कपाळावर हात मारायच्या. एक ताई आडाच्या कठड्यापाशी ठाण मांडून होत्या, दोराला एका वेळी दोघंच. बाकीच्यांनी शाळेपर्यंत रांग करून बादल्या हातोहात नेल्या. त्या सकाळी पाणी वाचवण्यावर व्याख्यान ठेवलं होतं, ते अर्थातच झालं नाही.

हे निभावलं ते एका गोष्टीमुळे. आमच्यातला एक जण कायम बिनकामाचा असतो. त्याच्याकडे ना गट, ना खेळ, ना स्वयंपाकघर. सुरुवातीची दोन वर्षं मला ही चैन वाटायची. पण सगळ्यांना कामं वाटून टाकली की गडबड झाल्यावर धावायला माणूसच उरत नाही. तुमच्याकडे पाचच जण असतील तरी एक मोकळा ठेवा, आणि तो गाडी चालवणारा हवा.

वेळापत्रक भिंतीवर लावू नका. मुलांना पुढचं माहीत नसेल तर दुर्गभ्रमण बुडालं हे त्यांना कळतच नाही. छपराखाली होणारे दोन-तीन कार्यक्रम मात्र सामानासकट तयार ठेवा.

आजारपणाचं आधी बघून ठेवायचं. मे महिन्यात विंचू निघतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा, सर्पदंशाची लस आहे का, प्राझोसिन आहे का. विंचूदंशावर हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलं. आम्हाला एकदाच लागलं, पण तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि कुठे जायचं ते ठरलेलं होतं. १०८ला फोन करताना गावाचं नाव, फाटा आणि खूण सांगावी लागते. ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. आकाशातल्या विजेची सूचना मिळावी म्हणून फोनवर ‘दामिनी’ ॲप घ्या. गडगडाट ऐकू आला की मुलं पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडायचं नाही. झाडाखाली तर नाहीच नाही.

बंद करायचं ते दोनच कारणांनी. एकाच दिवशी चार-पाच मुलांना उलट्या-जुलाब झाले, किंवा ओढ्याचं पाणी रस्त्यावर येऊन गाव तुटायची भीती दिसली. मग पैशांचा विचार न करता त्याच दिवशी गाड्या बोलवायच्या.

पालकांना रोज संध्याकाळी सातला एकच निरोप पाठवा, आणि पाऊस झाला असेल तर झाला म्हणून सांगा. लपवलंत तर ते दुसरीकडून कळतं आणि रात्री बारापर्यंत फोन वाजतो.

आणि हो, आचारी. आमचा तिसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. पुढे सकाळ-संध्याकाळ खिचडी झाली, एकदा गावातल्या बायकांनी पिठलं-भाकरी करून दिली. आता मी आचारी ठरवताना दराच्या आधी विचारतो, घरात मे महिन्यात कुणाचं लग्न आहे का.