गिटार चालते, मग पेटी का नाही?

"मॅडम, मुलगी फार देवभक्त झाली अशी तक्रार घेऊन आलो आहे, ऐकायला विचित्र वाटेल," असे म्हणत त्या गृहस्थांनी खुर्चीत बसण्याआधीच माझी माफी मागितली. ते नगरकडचे निवृत्त शिक्षक होते, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून त्यांचे घराणे तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होते. मी समुपदेशक आहे, आणि मीही मराठी ख्रिस्ती घरातली आहे, त्यामुळे मी त्यांचीच बाजू घेईन असा त्यांचा समज असावा. ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत आणि मुलीला येथे रिबेका म्हटले आहे.

त्यांची चिंता मला नवी नव्हती. मुलगी पुण्यात शिकायला जाते, तिथे एखाद्या नव्या इव्हँजेलिकल फेलोशिपमध्ये (वैयक्तिक श्रद्धा आणि सुवार्ताप्रसार यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट गटात) रमते आणि वर्षभरात घरच्या माणसांना परकी होते. तिला परत कसे आणायचे, हा प्रश्न ख्रिस्ती पालक मला वारंवार विचारतात. रिबेकाने मोबाइलमधली सगळी चित्रपटगीते काढून टाकली होती, शास्त्रीय गायनाचा वर्ग सोडला होता आणि शेजारच्या काकूंनी पाठवलेला दिवाळीच्या फराळाचा डबा न उघडता परत केला होता. वडिलांना सर्वांत जास्त लागले ते नाताळात घडलेले. आजी दरवर्षीप्रमाणे पेटी घेऊन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने म्हणायला बसल्या, तेव्हा रिबेका म्हणाली की या चाली जगिक, म्हणजे ऐहिक, आहेत, रागदारीचे मूळ मूर्तिपूजेत आहे आणि आपण त्यात भाग घेणार नाही. आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी भाता बंद केला, पेटीवर कापड टाकले, आणि त्यानंतर ते काढले नाही.

रिबेका दुसऱ्या आठवड्यात आली, वडिलांच्या आग्रहाखातर. माझी चूक इथे झाली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी अभंग सोडला नाही, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते, हे सर्व मी तिला ऐकवले. तेवढ्यावर न थांबता मी विचारले की तुझ्या फेलोशिपमधली गिटार आणि ड्रम कुठून आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातली अनवाणी, लांब केसांची हिप्पी मुले चक स्मिथ नावाच्या पाळकांच्या (पास्टरांच्या) चर्चमध्ये आली, त्यांच्याबरोबर त्यांचे संगीतही आले, आणि त्या वेळी अमेरिकेतले कितीतरी पाळक रॉक संगीताला सैतानाचे संगीत म्हणत होते. मग गिटार पवित्र आणि पेटी जगिक, हे कोणी ठरवले? युक्तिवाद बिनतोड होता, असे आजही वाटते. रिबेकाने मान डोलावली, आभार मानले आणि पुढच्या दोन वेळा ती आलीच नाही. समुपदेशकाने वाद जिंकला की समोरचा माणूस बहुधा हातातून जातो. इतकी वर्षे हे काम करून मला हे पुन्हा शिकावे लागले.

ती परत आली तेव्हा मी संगीताचा विषयच काढला नाही. झोप कशी लागते, एवढेच विचारले. झोप लागतच नव्हती. पहिल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली होती, घरी सांगण्याचे धैर्य नव्हते, आणि त्या काळात खोलीवर जेवणाचा डबा आणून देणाऱ्या, रात्री जवळ बसून प्रार्थना करणाऱ्या मुली त्या फेलोशिपमधल्या होत्या. (वडिलांना यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि ते त्या मुलींना 'परदेशी पैशाच्या चर्चवाल्या' म्हणत होते.) पुढे एका सभेत पाहुण्या वक्त्याने सांगितले की जगिक गाण्यातून दुरात्म्याला घरात वाट मिळते. त्या रात्री तिने गाणी काढून टाकली आणि तिला हायसे वाटले. दुसऱ्या रात्री शंका आली की एखादे राहिले असेल. मग रोज रात्री मोबाइल तपासणे, क्षमा मागणे, क्षमा मनापासून मागितली का याची शंका येऊन पुन्हा मागणे, असे पहाटे तीनपर्यंत चाले. रस्त्यावर गाणे कानावर पडले तरी त्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागे.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. माणूस श्रद्धाळू असेल तर तो श्रद्धेचे कपडे घालून येतो, आणि म्हणून घरचे लोक श्रद्धेशीच भांडत बसतात. पालकांनी पाहावे ते हे, की नियम पाळल्यावर मुलीला स्वस्थता मिळते, की लगेच आणखी एका नियमाची गरज भासते. अनेक तरुण चित्रपट पाहणे विचारपूर्वक सोडतात आणि मजेत राहतात. तो त्यांचा निर्णय आहे, त्यात समुपदेशकाचे काही काम नाही. रिबेकाचे नियम मात्र दर महिन्याला वाढत होते आणि भीती तेवढीच राहत होती.

पुढच्या भेटीत मी तिला जॉन बन्यन यांची गोष्ट सांगितली, कारण त्यांच्याविषयी तिच्या मंडळीत आदर होता. सतराव्या शतकातल्या या इंग्रज उपदेशकाने स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे की तरुणपणी त्यांना चर्चच्या घंटा वाजवण्याचा नाद होता; तो व्यर्थ वाटू लागला म्हणून सोडला, पण नुसते पाहायला जावेसे वाटे. मग घंटा अंगावर पडेल या भीतीने ते तुळईखाली उभे राहू लागले. घंटा भिंतीवर आदळून आपल्यावर उसळली तर, म्हणून दारात उभे राहिले. शेवटी मनोराच कोसळेल असे वाटून पळून गेले. रिबेका ऐकत होती, आणि मनोऱ्यापाशी आल्यावर ती हसली आणि लगेच रडली. "म्हणजे घंटेचा दोष नव्हता," ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

तिला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, आणि तपासण्याची ओढ आली तरी न तपासता ती अस्वस्थता ओसरू देण्याचा सराव आम्ही आठवड्याला थोडा थोडा वाढवला. तिच्या संमतीने मी फेलोशिपच्या तरुण पाळकांशी बोलले. त्यांना पाहुण्या वक्त्याचे बोलणे आवडले नव्हते, पण आपल्या शिकवणीचा असा परिणाम होऊ शकेल हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहम आणि इंग्रज धर्मगुरू जॉन स्टॉट यांच्यासह सुमारे दीडशे देशांतले इव्हँजेलिकल जमले होते; तिथल्या लोझान करारात, संस्कृतीत सौंदर्य आणि चांगुलपणाही असतो, पाप प्रत्येक संस्कृतीत मिसळलेले असते आणि मिशनांनी सुवार्तेबरोबर अनेकदा परकी संस्कृतीही निर्यात केली, असे लिहिले आहे. त्या कराराची आठवण त्या पाळकांनीच काढली. इव्हँजेलिकल म्हटला की तो संस्कृतीचा शत्रू, हा वडिलांचा समज त्यामुळे थोडा ढिला झाला.

वडिलांचे काम अधिक कठीण होते. फेलोशिपला नावे ठेवणे बंद करा, असे मी त्यांना सांगितले, कारण त्यांच्या प्रत्येक टोमण्यानंतर रिबेकाला आपल्या श्रद्धेची परीक्षा होत आहे असे वाटे आणि एक नियम वाढे. नापास झाल्याचे तिने स्वतः सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, आणि मग त्या डबा आणणाऱ्या मुलींची नावे विचारून घेतली.

रिबेका आजही त्याच फेलोशिपमध्ये जाते, चित्रपट पाहत नाही, आणि 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका' हे वचन तिच्या टेबलावर लावलेले आहे. ईस्टरला ती घरी गेली, तेव्हा पेटीवरचे कापड तिनेच काढले. ती गायली नाही; आजींचा आवाज उतरला होता म्हणून सूर एका पट्टीने खाली घेऊन दिला आणि भाता धरून बसली.

फराळावर अजून घरात एकमत नाही. गेल्या दिवाळीत काकूंनी डबा आणला, तेव्हा तिने चकली घेतली आणि लाडवाला हात लावण्याआधी, नैवेद्य दाखवला आहे का, असे अवघडून विचारले. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे का, हा प्रश्न बायबलमधल्या करिंथच्या मंडळीपुढेही होता, तेव्हा तिला हसण्यात अर्थ नव्हता. काकू हसल्या नाहीत. "नाही गं," त्या म्हणाल्या, "तुझे आधीच बाजूला काढून ठेवते मी, तू दुसरीत होतीस तेव्हापासून."