झडपेची गळती: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट जोडून ‘व्हॉल्व्ह लीक आहे म्हणतात, आता काय?’ एवढंच विचारणारी पत्रं थांबायला तयार नाहीत. कुठली झडप आणि गळती किती, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ज्यांनी ते कळवलं, त्यांची उत्तरं देतोय.

तपासणी शिबिरात इको केला. ‘ट्रिव्हिअल एमआर, ट्रिव्हिअल टीआर’ आलं. जाऊबाई म्हणतात, हृदयाला भोक आहे. (वय ३४, तासगाव)

भोक नाही. एमआर, टीआर म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड या हृदयातल्या दोन झडपांची गळती; ‘ट्रिव्हिअल’ म्हणजे नगण्य. एवढी गळती असंख्य निरोगी माणसांत दिसते. रिपोर्ट एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि कामाला लागा.

मोबाइलवर एका काढ्याची जाहिरात आली, सहा महिन्यांत झडपेची गळती बंद होते म्हणे. घ्यावा का? (विटा)

नको. झडपेचा फाटलेला किंवा सैल झालेला पडदा कुठल्याही काढ्याने शिवला जात नाही. गोळ्यांनीही नाही, त्या त्रास आणि हृदयावरचा भार कमी करतात. जाहिरातीतल्या ‘आधीचा इको, नंतरचा इको’वर जाऊ नका. रक्तदाब आणि अंगातलं पाणी बदललं तरी गळती कमी-जास्त दिसते.

द्राक्षबाग आहे. मायट्रल झडपेचा प्रोलॅप्स (पडदा सैल होऊन मागे झुकणं), ‘सिव्हिअर एमआर’ (तीव्र गळती), ईएफ ६० टक्के. त्रास काही नाही, फक्त बागेत दोन ओळी फिरलो की बांधावर बसावं लागतं, वय झालं. माल उतरला की ऑपरेशनचं बघू म्हणतोय. (वय ५२, पलूस)

बावन्नाव्या वर्षी दोन ओळींत बसावं लागणं म्हणजे वय नव्हे. त्यालाच आम्ही त्रास म्हणतो. धाप दर वेळी अचानक लागत नाही. माणूस नकळत कामं कमी करत जातो आणि म्हणतो, मला काही होत नाही.

आता तो ईएफ. ६० टक्के वाचून लोक फर्स्ट क्लास मिळाल्यासारखे खूश होतात. ठोका पडला की डाव्या कप्प्यातलं रक्त महाधमनीत जायला हवं. मायट्रल झडप गळते तेव्हा त्यातलं बरंच उलटं, फुप्फुसांच्या बाजूला जातं. ईएफ फक्त कप्पा किती रिकामा झाला ते सांगतो. रक्त पुढे गेलं की मागे, हे त्याला कळत नाही. म्हणून हा आकडा फसवा. सिव्हिअर गळतीत ईएफ ६० किंवा खाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी डाव्या कप्प्याचा व्यास ४० मिमी झाला, तर लक्षणं नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. तुम्हाला तर लक्षणंही आहेत.

प्रोलॅप्समध्ये बऱ्याचदा स्वतःचीच झडप दुरुस्त करता येते. मग धातूच्या झडपेसारखी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर लागत नाही. उशीर केलात तर झडप दुरुस्त होईल, पण थकलेलं हृदय पूर्वपदावर येईलच असं नाही. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पण याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ गाठा. माल उतरवायला भाऊबंद आहेत.

मुलगी १४ वर्षांची, सांधेतापाने झडप गळते. दर २१ दिवसांचं पेनिसिलिन चालू आहे. ऊसतोडीला गेलो की चुकतं. आता ती बरी आहे, बंद केलं तर? (जत)

बंद करू नका. ते इंजेक्शन गळती थांबवायला नाही, सांधेताप पुन्हा येऊ नये म्हणून आहे. प्रत्येक नवा ताप झडप आणखी खराब करतो. झडप बिघडली असेल तर ते कित्येक वर्षं, अनेकदा चाळिशीपर्यंत, चालतं. निघण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. घसा दुखून ताप आला तर वाट पाहू नका.

धातूची झडप बसवली आहे. दाढ काढायची आहे, म्हणून शेजाऱ्यांनी रक्त पातळ करायची गोळी आठवडाभर बंद करायला सांगितली. (मिरज)

शेजाऱ्यांना दाढ काढायची नाही. गोळी परस्पर बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते किंवा पक्षाघात होऊ शकतो. आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासा. दाढ काढण्यापूर्वीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा एक डोसही लागतो; पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बाकीचं दातांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवावं. नंबर तुम्ही द्या.