'ठाऊक आहे' की 'वाटतं'?

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर शरणपूर रोडला हेल्मेट हातातल्या हातात फिरवत तू विचारलंस, "काका, देव आहे हे मला माहीत आहे, की नुसतं वाटतं?" मी "निवांत बोलू" म्हणून सटकलो. रिक्षात बसल्यावर माझी मलाच लाज वाटली.

'ठाऊक आहे' आणि 'वाटतं' हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेवलेत, ते वेगळेच ठेव. माझं म्हणणं एवढंच, आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध बघ. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, खोदून खोदून विचारतात, तुला बरं करणारा पापी आहे ना? तो म्हणतो, पापी आहे की नाही मला ठाऊक नाही; एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो, आता दिसतं. केवढा चोख हिशेब! प्रेषित पौलाचंही तसंच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात कुमारिकांविषयी लिहिताना तो सरळ सांगतो की प्रभूची आज्ञा माझ्यापाशी नाही, हे माझं मत. प्रेषिताला यात कमीपणा वाटला नाही. आणि आपल्याकडे मंडळीच्या सहलीची तारीखसुद्धा "प्रभूने मला दाखवली" म्हणून जाहीर होते!

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हे आणखी बारीक कातलं. मत म्हणजे एका बाजूला कललेलं मन. दुसरी बाजू खरी निघेल ही धास्ती आत असतेच. ज्ञानात गोष्ट डोळ्यांपुढे लख्ख असते, नाकारायची सोय नसते. विश्वास या दोहोंच्या मधला: दिसत नाही, तरी धास्ती नाही, कारण सांगणाऱ्यावर भरवसा आहे. तुझ्या प्रश्नात हे तिसरं घरच सुटलंय, बाळा. विश्वास ज्ञान म्हणून मिरवू नकोस, आणि कॉलेजातल्या पोरांपुढे "माझं आपलं एक मत" म्हणून मातीमोल विकूही नकोस. (अल्विन प्लँटिंगा हे अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञ असा विश्वासही ज्ञान ठरू शकतो असं मांडतात. वाच, पण सावकाश.) आपल्या नाशकात राहून गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक आठव. त्यांच्या नवऱ्याचा, कवी ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवऱ्याचा विश्वास त्यांनी उसना घेतला नाही.

मी एवढा हट्टाने का बोलतोय? माझ्या धाकट्या बहिणीला नाशिकरोडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी पक्की. मला तो आवडला नाही; फार मोठ्याने हसायचा, बाकी काही नाही. पण जेवताना मी म्हणालो, "ही प्रभूची इच्छा नाही." तिने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. वडील नव्हते, घर माझ्यावर होतं, तेव्हा थोरल्या भावाने असंच ठासून बोलायचं असायचं... बघ, लागलो समर्थन करायला. "माझं मत आहे" असं म्हणालो असतो तर ती माझ्याशी भांडली असती. प्रभूशी कशी भांडणार?

ती आजही एकटीच राहते. दर बुधवारी तिचा फोन येतो. या बुधवारी सांगून टाकायचं ठरवलं होतं. गंगापूर धरणात पाणी किती आलं, यावरच बोलत राहिलो.

रविवारी लवकर ये. या वेळी सटकणार नाही.

तुझा,
काका