बालवर्गातील वाचन : वाचकांचे प्रश्न

बालवाडी आणि बालवर्गातील मुलांच्या वाचनाविषयी पुणे शहर आणि परिसरातून आमच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, तसेच पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत तिला सगळे पाठ आहे, परंतु तेच अक्षर वर्तमानपत्रात दाखवले तर ती गोंधळते. आमच्याच सोसायटीतील तिच्या वयाची एक मुलगी शब्द वाचू लागली आहे. आम्ही मागे पडलो आहोत का? (एक आई, कोथरूड)

मागे पडण्याचा प्रश्नच येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने समजून वाचता येण्यासाठी ठेवलेली मुदतसुद्धा तिसरीच्या अखेरीची आहे, आणि आपली मुलगी अजून पहिलीतही गेलेली नाही. तिला जे पाठ आहे ते चित्रांचे आणि क्रमाचे पाठांतर आहे. अननसाचे चित्र काढून घेतले की ‘अ’ तिच्यासाठी अनोळखी होतो. याचा अर्थ तिची स्मरणशक्ती उत्तम आहे, मात्र बोललेला शब्द लहान लहान आवाजांचा बनलेला असतो हे अजून तिच्या कानाला उमगलेले नाही. ते उमगल्याशिवाय अक्षर हे केवळ एक नक्षीदार चिन्ह राहते.

म्हणून काही आठवडे तक्ता भिंतीवरून उतरवून ठेवावा आणि कानाचे खेळ खेळावेत. पहिला खेळ टाळ्यांचा. ‘आजी’ला दोन टाळ्या, ‘बाहुली’ला तीन, ‘पापड’ला दोनच, कारण तोंडाने आपण ‘पा-पड’ असेच म्हणतो. अक्षरे मोजू नयेत, ऐकू येणारे ठोके मोजावेत. टाळ्या जमू लागल्या की एका डब्यात कात्री, कागद, कापूस, काकडी आणि एक वाटी ठेवावी व ‘या घरात चुकून कोण आले?’ असे विचारावे. मूल वाटी बाहेर काढते तेव्हा शब्दाचा पहिला आवाज त्याने वेगळा ऐकलेला असतो, आणि वाचनाच्या दृष्टीने ही फार मोठी झेप आहे. त्यानंतर शेवटच्या आवाजावरून पुढचा शब्द जोडण्याच्या भेंड्या घ्याव्यात : बाहुली, लिंबू, बुंदी, दिवा, वाटी. ऱ्हस्व-दीर्घाची चिकित्सा येथे करू नये, खेळ कानाचा आहे. विद्यापीठ चौकात सिग्नलला अडकलेल्या रिक्षातही हा खेळ चालतो, त्यामुळे त्यासाठी पुणेकरांना वेळ काढावा लागेल असे वाटत नाही.

हे सहज जमू लागल्यावर तिच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून लेखी अक्षरांकडे वळावे. स्वतःच्या नावाइतका रस मुलाला दुसऱ्या कोणत्याही शब्दात नसतो.

प्रश्न : मी वस्तीतील बालवाडीत शिकवते. वर्गात तीस मुले आहेत आणि साहित्यासाठी पैसे जवळजवळ नाहीत. अक्षरे कोणत्या क्रमाने आणि कशाच्या साह्याने शिकवावीत? (एक शिक्षिका, येरवडा)

ताई, क्रमाचा प्रश्न साहित्याच्या प्रश्नाहून महत्त्वाचा असल्यामुळे आधी त्याविषयी लिहिते. वर्णमाला उच्चारस्थानांनुसार अतिशय शास्त्रशुद्ध रचलेली आहे, परंतु ती रचना भाषेचा अभ्यास करणाऱ्याच्या सोयीची आहे, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या नव्हे. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातही अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. निवडायची ती अशी अक्षरे, ज्यांच्यापासून पहिल्या पंधरवड्यातच मुलाच्या ओळखीचे शब्द तयार होतील.

येथे एका रूढ पद्धतीशी माझा मतभेद आहे. काना-मात्रा नसलेले शब्द सोपे, असे समजून आपण ‘घर’, ‘कमळ’, ‘गवत’ यांपासून सुरुवात करतो. डोळ्याला हे शब्द सोपे दिसतात हे खरे. पण ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे असतात आणि बोलताना ठोका एकच असतो. शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही. मूल प्रामाणिकपणे ‘घ’ आणि ‘र’ असे सुटे, पूर्ण उच्चार करते, ते जोडते, आणि जे ऐकू येते ते त्याच्या ओळखीच्या ‘घर’सारखे नसते. आपण त्याला ‘नीट वाच’ म्हणतो, वास्तविक त्याने समोर दिसले ते नीटच वाचलेले असते. याउलट ‘काका’मध्ये ‘का’ आणि ‘का’ जोडले की थेट काका हाती लागतात, काहीही गाळावे लागत नाही.

म्हणून क, म, स, र, त ही पाच अक्षरे, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावरच प्रारंभ करून पाहा. काका, काकी, मामा, मामी, मासा, माती, तारा असे सात शब्द त्यातून लगेच मिळतात आणि ते सगळे जसे लिहिले तसेच उच्चारले जातात. शिकवताना ‘क ला काना का’ असा जप मात्र करू नये, कारण शब्द वाचताना मुलाला तो जप मनातून पुसून टाकण्याचे जादा काम करावे लागते. कार्डावर थेट ‘का’ लिहावे आणि ‘का’च म्हणावे. पहिली वेलांटी बरीच उशिरा आणावी, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते व उच्चारली मात्र नंतर जाते. ‘च’ आणि ‘ज’ यांनाही घाई नको. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ मोठ्याने म्हणून पाहिल्यास त्याचे कारण आपल्याला लगेच कळेल. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या दिसण्यात सारख्या जोड्या एकाच आठवड्यात कधीही घेऊ नयेत.

आता साहित्य. तारीख उलटून गेलेल्या लग्नपत्रिका ही अक्षरकार्डांसाठी महाराष्ट्रातील सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ वस्तू असावी. पालकांकडे मागितल्यास हव्या तेवढ्या जमतात. फरशीवर खडूने हातभर मोठे अक्षर काढून त्याच्या रेषेवरून चिंचोके मांडायला द्यावेत, म्हणजे अक्षराची वळणे बोटांना कळतात. पाच-सहा अक्षरे मोठ्या गोलांत लिहून ‘मा’वर उडी, ‘ता’वर उडी असा लंगडीचा खेळ घेतल्यास तीस मुलांची ताकदही कामी लागते. ताटात पातळ थर देऊन पसरलेल्या रव्यात बोटाने लिहिणे मुलांना अतिशय आवडते, मात्र रवा नंतर चाळून ठेवावा लागतो आणि थोडा सांडतोच. रोजची हजेरीही वाचनाचे साहित्य होऊ शकते : दाराशी सर्वांच्या नावांची कार्डे मांडावीत, आल्यावर प्रत्येकाने आपले कार्ड शोधून दोरीला चिमट्याने अडकवावे. महिन्याभरात मुले शेजाऱ्याचे कार्डही ओळखू लागतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, दगड अशा परिसरातल्या वस्तूंमधूनच शैक्षणिक साधने उभी केली होती, तेव्हा पैशांअभावी आपले काम कमी प्रतीचे होईल अशी शंका बाळगू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. रोज एका मुलाला कालची हकीकत विचारावी आणि त्याने सांगितलेले एक वाक्य त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत, बोलत बोलत लिहावे. ‘आमच्या शेळीला पिल्लू झालं’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने जगातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य असते आणि ते तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा बोट ठेवून वाचून दाखवतो. सुरुवातीला तो आठवून ‘वाचतो’. ते चालू द्यावे. मूल घरच्या बोलीत बोलले तर वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावे, प्रमाण भाषेत फिरवू नये. आपण बोललो तेच कागदावर उतरते हा विश्वास या वयात व्याकरणापेक्षा अधिक मोलाचा आहे. अशी वाक्ये मुलांच्या चित्रांसह दोऱ्याने शिवली की वर्गाचे पुस्तक तयार होते.

प्रश्न : आमच्या काळी पाटी आणि बाराखडी एवढ्यावरच आम्ही शिकलो. मग आता हे खेळांचे अवडंबर कशासाठी? नातू पाच वर्षांचा आहे. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

आजोबा, आपल्या पिढीचे वाचन उत्तम झाले याबद्दल वाद नाही. परंतु त्याच वर्गात मागच्या बाकावर बसून ज्यांची शाळा सुटली त्यांचीही आठवण ठेवावी लागते. बाराखडी टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. पंधरा-वीस अक्षरे आणि काही मात्रा खेळातून ओळखीच्या झाल्यावर ती तालात म्हटली की विखुरलेले ज्ञान ओळीत बसते. पाटी तर अवश्य द्यावी, कारण तिच्यावरचे चुकलेले अक्षर हाताने पुसता येते आणि वहीतल्या लाल शेऱ्यासारखे ते मागे राहत नाही.

आपल्याला एक काम सुचवते. संध्याकाळी नातवाला घेऊन अप्पा बळवंत चौकापर्यंत जावे आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवर त्याच्या नावातले अक्षर शोधायला लावावे. बसथांब्यावर ‘स्वारगेट’ आणि ‘कात्रज’ या पाट्या तो आकारावरून आधी ओळखेल आणि अक्षरांवरून नंतर. पुणेरी पाट्यांचा उपरोध त्याला कळणार नाही, पण त्या ठळक आणि सुवाच्य असतात. शोध तीन-चार अक्षरांवर थांबवावा. दमलेल्या मुलाकडून पूर्ण लक्ष्मी रस्ता वाचून घेऊ नये.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असून तेथे फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचण्याची पद्धत) शिकवतात. घरी मराठी वाचन घेतल्यास त्याचा गोंधळ होईल का? (एक पालक, बाणेर)

गोंधळ होण्यापेक्षा मदत होण्याची शक्यता अधिक आहे. शब्दातील आवाज वेगळे ऐकण्याचे कौशल्य एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेत ते नव्याने कमवावे लागत नाही, आणि ज्या भाषेतील शब्द मुलाला सर्वाधिक येतात त्या भाषेत ते लवकर येते. इंग्रजीत एकच अक्षर शब्दागणिक वेगळे वाजते, त्या मानाने देवनागरी बरीच भरवशाची आहे. दोन्ही लिप्या एकाच बैठकीत मात्र घेऊ नयेत. कार्डांचे रंग आणि डबे वेगळे ठेवावेत. शिवाय २०२० च्या राज्य कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी शिकवणे बंधनकारक आहे, त्यामुळे ही तयारी वाया जाणार नाही.

अक्षरांपूर्वी रोज रात्री एक मराठी गोष्ट वाचून दाखवावी. वाचताना शब्दांखालून बोट फिरवावे आणि पान उलटण्याआधी ‘आता काय होईल?’ असे विचारावे. तेच पुस्तक मुलाने दहाव्यांदा मागितले तर कंटाळा लपवून तेच वाचावे, कारण पाठ झालेल्या पुस्तकातच मूल प्रथम शब्द ओळखू लागते.

प्रश्न : मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. अक्षरे उलटी काढते, पेन्सिल लगेच टाकते, आणि शाळेतून रोज दोन पाने लिहून मागतात. (एक आई, सिंहगड रस्ता)

या वयात अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी निघणे सर्वसामान्य आहे. केवळ त्यावरून काळजी करू नये. बोटांत ताकद येण्यासाठी कणीक मळायला, मटार सोलायला, मणी ओवायला आणि चिमट्याने कपडे अडकवायला द्यावेत. दोन पानांविषयी वर्गशिक्षिकेला शांतपणे भेटावे आणि दोन पानांऐवजी दोन ओळी चालतील का, असे विचारावे. बहुतेक शिक्षिका ऐकतात, कारण पुष्कळदा ती पाने इतर पालकांच्या आग्रहामुळे दिलेली असतात. हाक मारल्यावर ती वारंवार प्रतिसाद देत नसेल, बोलणे तिच्या वयाच्या मुलांहून बरेच अस्पष्ट असेल, किंवा पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर अभ्यासाचा विचार बाजूला ठेवून आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत.