कथा वाचताना पडलेले प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एका कथेवर चर्चा होते. कथानक सांगा म्हटलं की कुणी अख्खी कथा सांगतो, कुणी नुसतं तात्पर्य. घटना, कथानक, आशय यांत फरक काय? (देवगड)

एक नमुना कथा धरू, पुढच्या उत्तरांनाही ती कामाला येईल. थोरला भाऊ गणपतीला मुंबईहून गावी येतो. कलमांची बाग विकू या म्हणतो. धाकटा काही बोलत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मुकाट सही करतो.

या झाल्या घटना. वडिलांच्या आजारपणाचा सगळा खर्च थोरल्याने केला होता, म्हणून धाकट्याने सही केली आणि हे कारण वाचकाला सहीनंतरच कळलं, हे कथानक. त्यात कार्यकारणही आलं आणि मांडणीचा क्रमही. आशय विचारला की लोक ‘भाऊबंदकी’ म्हणतात, पण तो विषय झाला. आशय पूर्ण वाक्यातच सांगावा लागतो: ‘घरातले उपकारही कधीतरी वसूल केले जातात.’

चर्चेआधी कागदावर दोन रकाने करा. एकात घटना घडल्या तशा, दुसऱ्यात कथेत आल्या तशा. जिथे क्रम बदलतो, तिथे ‘का?’ विचारा. त्या एका प्रश्नावर तासभर सहज निघतो.

उत्तरपत्रिकेत ‘लेखक म्हणतो’ लिहिलं की गुण कापले जातात. निवेदक वेगळा कसा ओळखायचा? (चिपळूण)

गुण कापतात ते बरोबरच आहे. लेखक कथा लिहितो, निवेदक ती सांगतो. कथेत ‘मी’ असला तरी तो लेखकाने घडवलेला असतो. आपल्या कथेतला एकच क्षण तीन तऱ्हांनी पाहा.

‘दादा पायरीवर टेकला. स्वतःच्या घराची पायरी चढताना मुंबईकरांना घाम फुटतो.’ हा प्रथमपुरुषी निवेदक; टोमणा धाकट्याचा आहे, लेखकाचा नव्हे.

‘दादा पायरीवर टेकला. त्याने रुमाल काढला, पण घाम पुसलाच नाही. हा काहीतरी बोलणार, धाकट्याला वाटलं.’ हा तृतीयपुरुषी, पण एकाच पात्रापुरता मर्यादित.

‘दादाला बाग विकायची होती, धाकट्याने ते केव्हाच ओळखलं होतं, आणि दोघंही पावसाबद्दल बोलत राहिले.’ हा सर्वसाक्षी. त्याला दोन्ही मनं दिसतात.

मर्यादित निवेदन ओळखायची युक्ती अशी: ‘तो’च्या जागी ‘मी’ घालून परिच्छेद वाचा. बाकी काही न बदलता वाचता आला, तर दृष्टिकोन त्याच पात्राचा. होतकरू लेखक घसरतात तेही इथेच. कथा धाकट्याच्या नजरेतून चाललेली असते आणि मध्येच येतं, ‘दादा मनातून ओशाळला.’ धाकट्याला ते कसं दिसलं? ‘दादाने नजर चुकवली’ एवढंच चाललं असतं.

‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणजे खोटारडाच असं नाही. ‘मला बागेचा मोह नाही’ म्हणणारा धाकटा कथेत तीनदा कलमं मोजतो. शब्द आणि कृती जुळत नाहीत, तिथे कान टवकारायचे.

कलाटणी नसलेली कथा फसलेली समजायची का? (अलिबाग)

नाही. धक्कातंत्राची सवय आपल्याला जुनी आहे. ना. सी. फडके यांच्या काळात तंत्राला, म्हणजे गुंतागुंत, उत्कंठा, ठसठशीत शेवट यांना, फार मान होता. 1945च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने तो भर घटनेवरून मनाच्या हालचालींकडे नेला. शेवटी काय ‘घडलं’ हे शोधू नका. सुरुवातीला कुणाला काय कळलेलं नव्हतं आणि आता काय कळलंय, ते पाहा. वाचकालाच काही नवं कळलं असेल, तरी शेवट झाला.

वातावरण आणि प्रतीक यांत गोंधळ होतो. कथेतला समुद्र नेहमी प्रतीकच असतो का? (मालवण)

बहुतेक वेळा तो समुद्रच असतो. आधी स्थळकाळाचं काम तपासा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. कथा त्या दोन महिन्यांत घडत असेल, तर होडी किनाऱ्यावर, मिळकत थांबलेली, सावकाराचा तगादा चालू. संघर्ष तिथूनच उभा राहतो. तीच कथा जानेवारीत नेऊन पाहा. काहीच बिघडत नसेल, तर पाऊस नुसती सजावट होता.

प्रतीक म्हणायला निदान दोन खुणा हव्यात: वस्तू पुन्हा पुन्हा यावी आणि दर खेपेस तिचा अर्थ थोडा सरकावा. शाकारलेली होडी पहिल्यांदा नुसती होडी, नंतर पोरांची लपायची जागा, शेवटी गहाणाचा माल: आता प्रतीक म्हणा. एकदाच ओरडलेल्या कावळ्याला सोडून द्या.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत, हा दोष आहे का? (वेंगुर्ले)

मुळीच नाही. दोष होतो तो एकाच माणसाच्या तोंडी ‘माका ठाऊक नाय’ आणि दोन ओळींनी ‘मला माहीत नाही’ आलं तर. मात्र दुसरं वाक्य तो तलाठ्यासमोर बोलत असेल, तर ते उत्तम पात्रचित्रण आहे.