होडी पण क्राफ्ट आणि खेळणी पण क्राफ्ट?

प्रश्न (मालवणहून एक वाचक): मुलगी सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचं काम शिकलीय. नोकरीच्या अर्जात तिने स्वतःबद्दल 'क्राफ्टी' असं लिहिलं तर तिचा मामा म्हणाला आधी खोड ते. पण हस्तकलेला क्राफ्ट म्हणतात ना? आणि आमच्या बोटीच्या कागदावर पण फिशिंग क्राफ्ट असतं, ते काय मग?

उत्तर: मामाचं ऐका. शब्द एकच आहे पण फिरत फिरत कुठल्या कुठे गेलाय. जुन्या इंग्रजीत क्राफ्ट म्हणजे ताकद, जर्मनमध्ये तर आजही तोच अर्थ आहे. इंग्रजीत मात्र अंगातल्या बळावरून तो हातातल्या कसबावर आला, कसबावरून सुतार-कुंभार अशा हात बसावा लागणाऱ्या धंद्यांवर, आणि डोक्यातलं कसब म्हणून थेट कावेबाजपणावर पण! क्राफ्टी म्हणजे बेरकी, लबाड. आपल्याकडे नाय का, 'तो एक नंबरचा कलाकार आहे' असं कोणाबद्दल ऐकलं की त्याला दशावतारात घ्यायला कोणी जात नाही, दुकानदार उधारी बंद करतो.

होडीचा अर्थ १७व्या शतकातला. तेव्हा छोट्या होड्यांना स्मॉल क्राफ्ट म्हणायला लागले, ते बहुतेक होडी हाकायच्या कसबावरूनच आलं असं मानतात, पुढे त्यातूनच एअरक्राफ्ट आणि स्पेसक्राफ्ट. इथे एक गोची आहे, होड्या दोन असोत की दोनशे, इंग्रजीत क्राफ्टच, एस लावायचा नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) वगैरे कला मोजायच्या तर मात्र क्राफ्ट्स.

मग स्किल कुठे वापरायचं? कुठलंही एक काम नीट जमणं म्हणजे स्किल, टायपिंग, ड्रायव्हिंग, लेथवर लाकूड घडवणं, रंग चढवणं. आणि ही सगळी मिळून जी पूर्ण विद्या होते ती क्राफ्ट. म्हणजे एका क्राफ्टमध्ये पाच-सहा स्किल्स आरामात असतात, आणि अर्ज वाचणाऱ्याला तीच एकेक करून हवी असतात.

अमेरिकेत हस्तकलेची आवड असलेल्यांना गमतीत क्राफ्टी म्हणतात हे खरं, पण नोकरीच्या अर्जात कशाला रिस्क घ्या? तिथे सरळ 'स्किल्ड इन वुडन टॉय मेकिंग' लिहा आणि खाली कुठली कुठली मशीन चालवता येतात ते द्या.