महिन्याला आठ हजार उरतात, सुरुवात कुठून करावी?

नाशिकमध्ये सातपूरला नोकरीची दोन वर्षे झाली, बचत खात्यात १ लाख २० हजार रुपये साठले, दरमहा आठ हजार उरतात, आणि ओळखीचे एक गृहस्थ महिन्याला दोन टक्के देणाऱ्या योजनेत पैसे घालण्याचा आग्रह करत आहेत, तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. त्या योजनेत एक रुपयाही घालू नका. महिन्याला दोन टक्के म्हणजे चक्रवाढीने तीन वर्षांत रक्कम दुप्पट. एवढे व्याज देऊ शकणाऱ्या माणसाला याच्या निम्म्या दराने बँकेचे कर्ज का मिळत नाही, हे त्यांना जरूर विचारा.

साठलेली रक्कम अडीअडचणीसाठी राहू द्या. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत मुदत ठेवीत असला, म्हणजे नोकरीवर गदा आली तरी कर्ज काढावे लागत नाही. मात्र ठेव कुठे ठेवता, हे नीट पाहा. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही. नाशकात चौकाचौकात पतसंस्था आहेत, त्यांतील अनेक उत्तम चालतात, तरीही हा फरक मी प्रत्येकाला सांगतो, कारण माझ्या वडिलांनी एक टक्का जास्त मिळतो म्हणून निवृत्तीची निम्मी रक्कम अशाच एका पतसंस्थेत ठेवली आणि ती पुढे बुडाली. दर महिन्याच्या एक तारखेला ते कपाटातून ठेवपावती काढत, तिची घडी हाताने सारखी करत, बंद शटरपर्यंत जाऊन येत आणि पावती पुन्हा त्याच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवत.

आता दरमहाचे आठ हजार. हे पैसे कधी लागणार, हे आधी वहीत लिहून काढा. दोन-तीन वर्षांत लग्न किंवा घराची आगाऊ रक्कम असेल, तर तेवढा भाग आवर्ती ठेवीत (आरडी) टाका. शेअर बाजाराकडे तो नेऊ नका. दहा-पंधरा वर्षे हात लावायचा नाही, अशा पैशांसाठी निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकावर आधारित इंडेक्स फंडात, म्हणजे त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपी (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे) सुरू करा आणि ती ‘डायरेक्ट’ प्रकारात घ्या, कारण ‘रेग्युलर’ प्रकारात वितरकाचे कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशांतून जाते. बाजार पडणार, हे गृहीत धरा. २०२० मध्ये जानेवारीतील उच्चांकापासून मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के कोसळला आणि नोव्हेंबरात त्याने तो उच्चांक ओलांडला. ज्यांनी घाबरून मार्चमध्ये विकले, त्यांचा तोटा कायमचा झाला. दरवेळी सावरायला आठच महिने लागतील असे नाही, म्हणूनच मुदत लांबची हवी.

पीपीएफ, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेचे खातेही उघडा. पंधरा वर्षांची मुदत आहे, वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, आणि त्या महिन्याचे व्याज मिळण्यासाठी रक्कम पाच तारखेपर्यंत जमा व्हायला हवी.

प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनीची नोंद) खाते उघडाल त्याच दिवशी करा. वडिलांच्या त्या पावतीवर तो रकाना रिकामा होता. त्यांच्यामागे जी थोडी रक्कम परत मिळाली, तिच्यासाठी आईला वारस दाखला काढायला न्यायालयात खेटे घालावे लागले.